कंदिलातलं गालबोट

नवलेसाहेबांच्या रुमालाच्या कोपऱ्यात पी. आर. एन. अशी तीन इंग्रजी अक्षरं भरलेली असत, आणि त्या तीन अक्षरांनीच मी त्यांना गाडलं. हे मी अभिमानानं सांगते आहे. पन्नाशी ओलांडली की माणसानं क्षमाशील व्हावं म्हणतात. माझी एक नणंद रोज सकाळी फोनवर मला क्षमेचे सुविचार पाठवते, गुलाबाच्या फुलांसकट. मी तिला हात जोडलेलं चित्र पाठवते आणि चहा घेता घेता नवलेसाहेबांचा त्या दिवशीचा चेहरा आठवते. चहाला त्या आठवणीनं जी चव येते, ती आल्यानं येत नाही.

आम्ही तेव्हा सोलापुरात, भवानी पेठेत राहत होतो. दोन खोल्या, पुढं ओटा, आणि दोन्ही अंगांना यंत्रमाग. मागांचा खटका इतका अंगवळणी पडला होता की आम्ही घरातही ओरडूनच बोलायचो, आणि वीज गेली की आवाज खाली आणायचं भान कोणालाच राहायचं नाही. मग गल्लीतल्या प्रत्येक घरातलं भांडण एकदम सगळ्यांना ऐकू यायचं. अम्मा ओट्यावर मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची. पानं कापणारी तिची कात्री आणि शेजारचा माग यांची एक लय असायची. माग थांबला की तिची कात्रीही थांबायची, आणि ती मान वर करून विचारायची, "काय झालं गं त्याला?" जसं काही शेजारी माणूसच आजारी पडलं. जेवायला ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी आणि अंबाडीचा आंबट पुलुसू. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, शाळाही मराठी. त्यामुळे तेलुगू मी फडाफडा बोलायची, पण वाचता एक अक्षर यायचं नाही. अम्मा देवाचं पुस्तक उघडून बसली की ती गोल गोल अक्षरं मला जिलब्यांसारखी दिसायची. ही गोष्ट लक्षात असू द्या. मला तेव्हा ती लाजेची वाटत नव्हती.

माझे वडील, म्हणजे आमचे नायना, चादरींच्या एका कारखान्यात पत्ते पाडायचे. हे पत्ते खेळायचे नव्हेत. चादरीवर मोर हवा की वेल, हे मागाला सांगायला पुठ्ठ्याच्या लांब पट्ट्या असतात, त्यांना भोकं पाडायची. भोक असलं की त्या जागचा धागा वर उचलला जातो, नसलं की खाली राहतो. आधी चौकटीच्या मोठ्या कागदावर एकेक घर रंगवून नक्षी काढायची, मग तो कागद वाचत वाचत भोकं पाडायची, मग ते शेकडो पत्ते ओळीनं दोऱ्यानं शिवून मागावर चढवायचे. नायना एका डोळ्याला भिंग लावून हे करायचे, आणि दिवसभर केल्यावर संध्याकाळी घरच्या माणसांकडेही तसंच एक डोळा बारीक करून बघायचे.

त्यांची एक खोड होती. प्रत्येक नक्षीत ते मुद्दाम एक चूक ठेवायचे. वेलीला पंचवीस पानं असतील तर एक पान उलटं. मोरांच्या रांगेत एका मोराला डोळाच नाही. मी लहानपणी विचारलं तेव्हा म्हणाले, "दिष्टी चुक्का." म्हणजे गालबोट. बाळाला न्हाऊमाखू घातलं की गालावर काजळाचा ठिपका लावतात ना, नजर लागू नये म्हणून, तसा. "सगळं बरोबर असलं की नजर लागते, बिड्डा. आणि दुसरं म्हणजे, कोणी उद्या म्हणालं हे मी केलं, तर त्याला विचारायचं, मग चूक कुठंय सांग." बिड्डा म्हणजे लेकरू. मला ते लग्न होईपर्यंत बिड्डाच म्हणत, आणि नंतरही.

बारावीनंतर मी कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊ लागले. एका औषधाच्या दुकानाच्या माडीवर तो क्लास होता. चपला बाहेर काढाव्या लागत, कारण धुळीनं मशीन आजारी पडतं अशी आमच्या चौगुले सरांची श्रद्धा होती. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, आणि चमकणारी एक रेघ. बाकी सगळ्यांना त्यात नोकरी दिसत होती. मला त्यात खोड्या दिसल्या. सरांना त्या यंत्राच्या लपलेल्या गमती गोळा करायचा नाद होता, आणि तो त्यांनी मला लावला. एका मशीनवर तेव्हा नवीनच आलेलं विंडोज होतं. त्यात एका विशिष्ट ठिकाणी जाऊन दोन कळा दाबून धरायच्या आणि चित्रावर दोनदा टिचकी मारायची. पहिल्यांदा काही होत नाही. दुसऱ्यांदा झेंडा फडकतो. तिसऱ्यांदा ते सगळं ज्यांनी बनवलं त्यांची नावं खालून वर सरकू लागतात, आणि शेजारी एक अस्वल उभं राहून ती नावं आपल्याला दाखवत असतं. मालकाला न विचारता कारागिरांनी आपली नावं भिंतीत चिणून ठेवली होती. मी घरी येऊन हे सांगितलं तर नायनांनी घास हातात धरला आणि म्हणाले, "म्हणजे तिकडंपण दिष्टी चुक्का घालतात की." त्यानंतर त्यांना कॉम्प्युटरविषयी आदर वाटू लागला.

पण सरांची सगळ्यात लाडकी गंमत वेगळी होती. "जगातला कोणीही माणूस कॉन नावाची फाईल काढू शकत नाही," असं ते नाटकातल्यासारखे हात पसरून सांगत. सी, ओ, एन. आम्ही सगळ्यांनी काढून बघितली, निघेना. पोरं म्हणू लागली, यात भूत आहे. सर म्हणाले, "भूत कसलं? एस.टी.त आमदारांसाठी सीट राखीव असते की नाही? तसं आहे. काही नावं आधीपासून राखीव आहेत. कॉन म्हणजे समोरचा पडदा आणि कळफलक. त्या नावावर कोणी बसायचं नाही." आणखी कुठली नावं राखीव आहेत, ते मी वहीत उतरवून घेतलं. त्यातलं एक नाव होतं पी. आर. एन. ते प्रिंटरचं. त्या नावानं तुम्ही काहीही साठवायला गेलात की ते साठत नाही, सरळ प्रिंटरवर जाऊन छापून बाहेर पडतं. पुढं टी.एक्स.टी. लावा नाहीतर आणखी काही शेपूट जोडा, यंत्र ऐकत नाही. आणि वर निर्लज्जपणे सांगतं, एक फाईल कॉपी झाली.

वहीत मी तेव्हा फक्त एवढंच लिहिलं होतं. सूड वगैरे मनातही नव्हता. सुडाचं बी असं कुठंतरी आधीच पडलेलं असतं, माणूस नंतर भेटतो.

तो माणूस भेटला नायनांच्याच कारखान्यात. कारखान्यानं कॉम्प्युटर घेतला, तो व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये ठेवला आणि चालवायला मला ठेवून घेतलं. व्यवस्थापक होते प्रकाश रघुनाथ नवले. आपल्याकडं माणसाला स्वतःचं, बापाचं आणि आडनावाचं अशी तीन अक्षरं मिळतात. कोणी ती मिरवत नाही. नवलेसाहेब मिरवत. रुमालावर पी. आर. एन., छत्रीच्या दांड्यावर पी. आर. एन., स्कूटरच्या स्टेपनीच्या कव्हरवर, डब्यावर, खुर्चीच्या पाठीवर. कारकून माळगेअण्णा म्हणायचे, "साहेबांच्या मिशा जरा लांब असत्या तर तिथंबी कोरलं असतं की." माळगेअण्णा अक्कलकोटकडचे, कन्नड बोलणारे, पोटानं आणि मनानं दोन्हीनं मोठे. आमच्या बाहेरच्या हॉलात त्यांचं टेबल होतं. आणि त्यांच्या टेबलाशेजारी प्रिंटर, कारण प्रिंटरच्या किंचाळण्यानं साहेबांचं डोकं दुखायचं, म्हणून त्यांनीच तो आपल्या केबिनमधून हाकलला होता. लाकडी भिंतीला भोक पाडून तार बाहेर काढली होती. भोक नायनांनीच पाडून दिलं, आणि अगदी सुबक पाडलं.

आता मुख्य गुन्हा. नायनांनी चार महिने खपून एक नक्षी काढली होती. कंदिलांची. रांगेनं कंदील, प्रत्येकात ज्योत, आणि चादर उलटी धरली की त्याच कंदिलांच्या फुलदाण्या व्हायच्या आणि ज्योतींच्या कळ्या. सोलापुरी चादरीला दोन्ही अंगांनी नक्षी असते, रंग तेवढे अदलाबदल. पण वरचं खाली केल्यावर वस्तूच बदलावी, हे कोणी केलं नव्हतं. तिसरा कंदील त्यांनी विझलेला ठेवला होता. ते गालबोट. तो कागद गुंडाळून ते साहेबांकडं गेले. साहेबांनी बघितला आणि हसले. "नरसय्या, कंदील कोण पांघरणार? लोक काय रॉकेल ओतून झोपणार? ठेव तिथं." तो कागद तिथं राहिला.

तीन महिन्यांनी साहेबांनी नायनांना बोलावून नवा कोरा कागद दिला. कंदिलांची नक्षी. कोणाकडून तरी नक्कल करून घेतली होती, आणि नक्कल करणाऱ्या शहाण्यानं विझलेला कंदील चूक समजून पेटवला होता. "ही मी काढली आहे," साहेब म्हणाले. "पत्ते पाड." चोरलेल्या घराची किल्ली घरमालकालाच घडवायला सांगावी, तसं ते होतं, कारण आख्ख्या कारखान्यात पत्ते पाडणारा दुसरा माणूसच नव्हता. आणि नायनांनी पत्ते पाडायला घेतले. संध्याकाळी घरी येऊन जेवले, अम्माला सगळं सांगितलं, आणि मी ताट बाजूला सारून भांडायला उठले तेव्हा म्हणाले, "ऊरुको." म्हणजे गप्प बस, राहू दे. तेलुगू बापांच्या तोंडी हा शब्द इतका असतो की मला वाटायचं, आमची भाषा एवढ्या एकाच शब्दावर चालते.

चादर निघाली आणि खपली. लेबलावर छापलं होतं, पी. आर. एन. डिझाइन. विणकरांच्या मंडळानं तिला त्या वर्षीच्या बक्षिसासाठी निवडलं. पण मला बक्षिसापेक्षा दुसरी गोष्ट जाळत होती. मागावरची माणसं हसायची. नवी चादर मागावरून उतरली की एकमेकांना कोपरानं ढोसायची, कोपरा उलगडून बघायची आणि तोंडाला पंचा लावून हसायची. पेठेतल्या बायका पाण्याच्या नळावर चादर वाळत घातलेली दिसली की फिदीफिदी करायच्या. मला वाटे, हे नायनांना हसतात. आपल्याच लेकराला दुसऱ्याच्या नावानं आंघोळ घालणारा बाप म्हणून. मी त्या चादरीकडं नीट बघितलंसुद्धा नाही. एकदाच नजर गेली तेव्हा दिसलं, तिसरा कंदील आता विझलेला नव्हता. त्यात एक वेटोळी, गुंतागुंतीची ज्योत होती. मनात आलं, नायनांनी गालबोटही पुसून टाकलं. त्या दिवशी मी ठरवलं की नायना नाही तर मी. त्यांचं नाव त्यांच्या कंदिलावर परत आलं पाहिजे, आणि ज्यानं ते काढून टाकलं त्याच्याच हातानं आलं पाहिजे.

संधी साहेबांनीच दिली. एक दिवस केबिनमध्ये बोलावून, दार लोटून म्हणाले, "पद्मा, मला या मशीनवर स्वतः लिहायला शिकव. काही मजकूर खासगी असतो."

"कागदावर का नाही लिहीत साहेब?"

"कागद कोणीही वाचतो. कॉम्प्युटरात ठेवलं की कुलपात ठेवल्यासारखं."

मी त्यांना सगळ्यात सोपी रीत शिकवली. कॉपी, कॉन, आणि पुढं फाईलचं नाव. मग हवं ते लिहा, शेवटी एक कळ दाबा, आत गेलं. "नाव कुठलं द्यायचं?" साहेबांनी विचारलं. इथं मी थांबले. खरंच सांगते, मी त्यांना नाव सुचवलं नाही. मी फक्त म्हणाले, "छोटं द्या साहेब. कधीच विसरणार नाही असं." साहेबांनी खुर्चीला पाठ टेकली, खुर्चीवरच्या तीन अक्षरांना, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे तेज पसरलं, ते बघून मी खाली मान घातली. ऊरुको, मी स्वतःला म्हणाले. त्या शब्दाचा उपयोग मला तेव्हा कळला.

त्या दिवसापासून मी सकाळी आल्या आल्या प्रिंटर सुरू करायची आणि कागद नीट लावून ठेवायची. प्रिंटर बंद असता तर यंत्रानं कुरकूर केली असती आणि साहेब सावध झाले असते. अकरा दिवस मी ते मशीन चालू ठेवलं. माळगेअण्णा म्हणाले, "काय गं, छापायचं तर काई न्हाय, उगं तापायलंय ते." मी म्हटलं, "अण्णा, पाऊस येणार म्हणून माणूस बादली लावून ठेवतो की नाही?" ते म्हणाले, "तुज्या डोक्यावर परिणाम झालाय."

बाराव्या दिवशी दुपारी मंडळाचे तीन वयस्कर विणकर आले. त्यांचे प्रमुख यल्लय्यातात्या, पांढऱ्या मिशांचे, हातात काठी. ते हॉलात बाकावर बसले आणि माळगेअण्णांकरवी आत निरोप गेला, की नक्षीचा पहिला कागद दाखवा, बक्षीस जाहीर करण्याआधी बघायची रीत आहे. आतून उत्तर आलं, चहा द्या, साहेब कामात आहेत. मी दाराच्या फटीतून बघितलं. साहेब कॉम्प्युटरपुढं एका बोटानं टाइप करत होते, घाम पुसत, रुमालाची तीन अक्षरं कपाळावर. त्यांचा भाचा दुपारच्या गाडीनं पुण्याला निघणार होता. त्याच्याबरोबर फ्लॉपी धाडायची होती, तिथल्या दाजींना. मी परत येऊन माझ्या जागेवर बसले.

चहाचे कप अर्धे झाले होते तेव्हा प्रिंटर किंचाळला. तात्यांच्या हातातली बशी हलली. माळगेअण्णांनी कागद फाडला, चष्मा लावला आणि कपाळाला आठ्या घातल्या. मराठी होतं, पण इंग्रजी अक्षरांत. त्या काळी त्या मशीनवर दुसरं काही यायचंच नाही. आणि इंग्रजी अक्षरांतली मराठी मनात वाचून कळत नाही, हे ज्यांनी वाचली आहे त्यांना ठाऊक आहे. ती मोठ्यानं वाचावी लागते आणि मग आपल्याच आवाजातून कळते. साहेबांनी हे गणित मांडलंच नव्हतं. खरं सांगायचं तर मीही नव्हतं मांडलं; ते देवानं मांडलं.

"प्रिय दाजी," अण्णांनी सुरुवात केली. "कंदी... कंदील डिझाइन आपल्या म... महाताऱ्याचं आहे. महातारा कोण?"

"म्हातारा असेल," तात्या म्हणाले.

"हां. आपल्या पत्तेवाल्या म्हाताऱ्याचं आहे. त्याला पुरावा न्हाय. तुम्ही लिहून द्या की प्रकाशनं हे कॉलेजात असताना काढलं, मी स्वतः पाहिलं. मूळ कागद माझ्या कपटात आहे, जुन्या कॅलेंडरांखाली." अण्णा थांबले.

"कपटात का कपाटात?" तात्यांनी विचारलं.

अण्णांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "के, ए, पी, ए, टी. तात्या, दोनी बरोबर वाटायलंय."

कोणी हसलं नाही. अण्णांना आता काय वाचतोय ते कळलं होतं, पण सुरू केलेलं वाचन मध्येच सोडणारे ते नव्हते. "बक्षीस झालं की म्हाताऱ्याला घरी बसवतो. डोळे गेले म्हणून. आपला, प्रकाश."

तेवढ्यात केबिनचं दार उघडलं. नवलेसाहेब प्रसन्न मुद्रेनं बाहेर आले, हातात फ्लॉपी. "चला, एक काम संपलं," ते म्हणाले. मग त्यांना अण्णांच्या हातातला कागद दिसला, मग प्रिंटर, मग बाकावरची तीन माणसं. चेहऱ्यावरून रंग खाली उतरताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. कपाळापासून सुरू झाला आणि कॉलरपर्यंत गेला, अगदी कापड पाण्यातून काढल्यावर रंग निथळतो तसा. मी सावकाश बघितलं. घाई नव्हती.

"हे कसं... मी आत ठेवलं होतं," साहेब माझ्याकडं वळले. "मशीननं सांगितलं, एक फाईल कॉपी झाली. माझ्या नावानं ठेवलं होतं मी."

"साहेब," मी म्हटलं, "ते नाव आधीपासून राखीव आहे. प्रिंटरचं."

तात्यांनी नायनांना बोलावून घेतलं. नायना भिंग कपाळावर चढवून आले, बोटांना पुठ्ठ्याची धूळ. तात्यांनी विचारलं, "नरसय्या, नक्षी तुझी तर चूक कुठंय सांग." नायना म्हणाले, "तिसरा कंदील. विझलेला." साहेबांचं कपाट उघडलं. जुन्या कॅलेंडरांखालून कागद निघाला, उलगडला, आणि तिसरा कंदील विझलेला होता. तात्यांनी मग चादर मागवली, कागदाशेजारी धरली. "कागदात विझलाय. मग कापडात इथं काय दिसतंय?"

नायना शांतपणे म्हणाले, "दिष्टी चुक्का."

तात्यांना एकदम खोकला आला. मिशा थरथरल्या. बाकीचे दोघं खिडकीबाहेर बघू लागले. मला वाटलं, म्हाताऱ्यांना चहाचा ठसका लागला.

बक्षीस नायनांच्या नावानं झालं. लेबलं बदलली. नवलेसाहेबांना मालकांनी दुसऱ्या खात्यात बसवलं, बिनदाराच्या खोलीत, आणि त्यांची ती कोरलेली खुर्ची तिथल्या अरुंद चौकटीतून आत जाईना म्हणून हॉलातच राहिली. पुढं कित्येक वर्षं तिच्यावर माळगेअण्णा बसत. जेवण झालं की पाठ टेकून ढेकर द्यायचे, आणि म्हणायचे, "पी. आर. एन. लई मऊ हाय."

मी मात्र त्या दिवशी घरी मोठ्या ऐटीत गेले. अम्माला सगळं साग्रसंगीत करून दाखवलं, साहेबांचा आवाज काढून, प्रिंटरचा आवाज काढून. अम्मानं सूप बाजूला ठेवलं आणि पोट धरून हसली. नायना भाकरीचा तुकडा पुलुसूत बुडवत म्हणाले, "ते नाव राखीव आहे, हे तुला आधी माहीत होतं?"

"ऊरुको," मी म्हटलं.

नायना पहिल्यांदाच माझ्याकडं दोन्ही डोळ्यांनी बघत राहिले. मग उठले, ट्रंकेतून कंदिलाची चादर काढली, माझ्या मांडीवर पसरली आणि भिंग हातात दिलं. "तिसरा कंदील. वाच."

"काय वाचू? ज्योत आहे."

"वाच की."

भिंगातून बघितलं. एक आकडेबाज वेटोळं, मध्ये एक वाटोळा शून्य, शेवटी छत्रीसारखी एक कमान. जिलब्या. "नायना, मला तेलुगू वाचता येत नाही."

अम्मानं माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं आणि अक्षरावर बोट ठेवत, देवाचं पुस्तक वाचते त्याच सुरात वाचलं, "दोंगा."

चोर.

नक्षी दर चादरीत चारदा फिरायची, म्हणून दर चादरीत चार वेळा. निघालेल्या प्रत्येक चादरीत. आणि कारखान्याच्या दुकानात, डिझाइन यांचं म्हणून साहेबांचा फोटो लावला होता, त्याच्या बरोबर मागं ती चादर टांगलेली असे. साहेबांनी चोरलेल्या कागदावर नसलेली भोकं नायनांनी पत्त्यांत पाडली होती, ज्या दिवशी ते मला ऊरुको म्हणाले त्याच्या दुसऱ्याच दिवशी. मागावरची माणसं ती अक्षरं वाचत होती, नळावरच्या बायका वाचत होत्या, यल्लय्यातात्या ती वाचूनच कागद मागायला आले होते. आख्ख्या पेठेत ते न वाचता येणारी माणसं दोनच: नवलेसाहेब आणि मी. यंत्राच्या पोटातली परक्या माणसांची नावं शोधून काढणारी मी. त्या आठवड्यात मी अम्माजवळ बसून मुळाक्षरं शिकायला घेतली. अ आ पासून नाही. त्या तीन आकारांपासून.

गेल्या वर्षी जुळे सोलापूर या नव्या वस्तीत चष्म्याच्या दुकानात नवलेसाहेब भेटले. ऐंशीच्या पुढं गेलेत. त्यांनी मला ओळखलं, पण जुनं काही मनात ठेवलं नसावं, किंवा विसरले असावेत. क्षमाशील झाले असतील. माझ्या नणंदेचे सुविचार त्यांनाही येत असतील. म्हणाले, "तुझ्या वडिलांची ती कंदिलाची चादर. पहिल्या मालातल्या सहा मी तेव्हा घरी नेल्या होत्या. अजून आहेत. रंग उडाला नाही बघ."

"वापरता?"

"रोज पांघरतो. ऊब आहे."

"जपा, साहेब," मी म्हटलं. "त्यात नाव विणलेलं आहे."

"हो?" त्यांनी नवा चष्मा नाकावर सरकवला. "कोणाचं, वडिलांचं?"

"नाही साहेब. जो पांघरतो, त्याचं."